राशिस्वामी : अधिकरण आणि स्वामित्व
जातकग्रंथांतील एका संकल्पनेची भाषिक चिकित्सा

जन्मकुंडलीत कोणताही ग्रह कोणत्या तरी राशीत असतो आणि प्रत्येक राशीस कोणी तरी ग्रह स्वामी म्हणून नेमलेला असतो. या दोन विधानांच्या संयोगातून तिसरे विधान सिद्ध केले जाते : पहिला ग्रह दुसऱ्याच्या अधीन आहे. गुरू तूळ राशीत आहे, तूळ ही शुक्राची रास आहे, म्हणून गुरूचे फळ शुक्राच्या बलाबलावर अवलंबून आहे, असा हा युक्तिवाद होय. पाश्चात्त्य ज्योतिषात या स्वामिग्रहास डिस्पॉझिटर म्हणतात. त्या लॅटिनोद्भव शब्दाचा धात्वर्थ 'व्यवस्था लावणारा' असा आहे. मराठी ज्योतिषव्यवहारात त्यास 'राशीश', 'राशिस्वामी' किंवा नुसतेच 'ज्याच्या घरात ग्रह बसला आहे तो' असे म्हटले जाते.

ही संकल्पना खरी की खोटी, हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. परंतु त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : ती म्हणते तरी काय? तिचे ग्रंथगत विधान निश्चित झाल्याखेरीज तिची परीक्षा शक्य नाही, आणि परीक्षेवाचून तिचा पुरस्कार किंवा धिक्कार या दोन्ही गोष्टी सारख्याच निराधार ठरतात. जातकग्रंथांतील राशिस्वामीविषयक वचने बारकाईने वाचली असता असे दिसते की, तेथील पुष्कळसा भार आकाशस्थ ग्रहांवर नसून विभक्ती, समास आणि सर्वनामे यांच्यावर आहे.

१. शब्दांचा इतिहास

भारतीय जातकाच्या परिभाषेत ग्रीक शब्दांचा एक ठळक थर आहे. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण, जामित्र, लिप्ता हे शब्द ध्वनिरूपानेच उचललेले आहेत. वराहमिहिराने सहाव्या शतकात रचलेल्या बृहज्जातकात मेषादी राशींची क्रिय, तावुरि, जितुम अशी जी नावे येतात, तीही याच थरातील होत. स्फुजिध्वजाच्या नावावर असलेले यवनजातक तर नावापासूनच आपले मूळ सांगते. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. त्यांनी ठरविलेला इ. स. २६९-७० हा रचनाकाल पुढे विवाद्य ठरला, तो हस्तलिखिताच्या अधिक काटेकोर वाचनामुळेच. या शास्त्राच्या अभ्यासात एका अक्षराचे वाचनही किती निर्णायक असते, याची ही पहिली सूचना समजावी.

स्वामित्वाच्या बाबतीत मात्र ध्वनिरूप उसनवारी आढळत नाही. ग्रीक ज्योतिषात राशीच्या धन्यास 'ओइकोदेस्पोतेस', म्हणजे 'घरधनी', असा शब्द आहे. संस्कृतात त्याचा उच्चार आला नाही, अर्थ आला : गृहेश, भवनेश, क्षेत्रप, राशिनाथ, राशिप. भोवतीचे अन्य पारिभाषिक शब्द ग्रीकोद्भव असताना हा गट अनुवादित ऋणाचा आहे असे मानणे युक्त होय. कारणही उघड आहे. केंद्राच्या ग्रीक अर्थाला संस्कृतात तयार शब्द नव्हता, परंतु मालकी सांगणाऱ्या शब्दांची संस्कृतात वाण नव्हती. नाथ, पति, ईश, अधिप, स्वामी यांपैकी वृत्तात बसेल तो घ्यावा, अशी सोय कवीस उपलब्ध होती.

अनुवाद होताना प्रतिमाही थोडी बदलली. ग्रीक शब्दात केवळ घर आहे. संस्कृतात घराबरोबर शेतही आले. राशी, क्षेत्र, गृह, ऋक्ष, भ आणि भवन हे सर्व शब्द एकाच अर्थाचे समजावेत, असे वराहमिहिराने आरंभीच सांगून ठेवले आहे. शास्त्रकाराला अशी सूचना द्यावी लागते याचा अर्थ असा की, या शब्दांचे लौकिक अर्थ वाचकास निरनिराळ्या वाटांनी नेतील, ही शक्यता त्याला दिसत होती.

मराठीत ती शक्यता प्रत्यक्षात उतरली. मराठी ज्योतिषी 'सातवे घर' म्हणतो तेव्हा त्याला भाव किंवा स्थान अभिप्रेत असते, रास नव्हे. परंतु तोच जेव्हा 'शनी स्वगृही आहे' असे म्हणतो, तेव्हा 'गृह' शब्दाचा वराहमिहिरकालीन अर्थ, म्हणजे रास, तसाच टिकून असतो. परिणामी 'घराचा मालक' या एकाच शब्दप्रयोगात दोन भिन्न संबंध मिसळले आहेत. एक राशीश, म्हणजे एखादा ग्रह जिच्यात बसला आहे त्या राशीचा स्वामी. दुसरा भावेश, म्हणजे धन, संतती, विवाह इत्यादी जीवनविषयांचा वाहक ठरलेला ग्रह. पहिला संबंध ग्रहाचा ग्रहाशी आहे; दुसरा ग्रहाचा जीवनविषयाशी आहे. पहिला लग्नावर मुळीच अवलंबून नाही. दुसरा लग्न बदलताच बदलतो. या दोहोंची गल्लत हा प्रचलित फलकथनातील एक मोठा दोष आहे, आणि त्याचे उगमस्थान आकाशात नसून 'घर' या शब्दाच्या अर्थांतरात आहे.

२. सप्तमी आणि षष्ठी

पाणिनीने स्वामी, ईश्वर, अधिपती इत्यादी शब्दांच्या योगात षष्ठी आणि सप्तमी या दोन्ही विभक्ती विहित केल्या आहेत. गाईंचा स्वामी आणि गाईंच्या ठायी स्वामी, असे दोन्ही प्रयोग संस्कृतात साधू ठरतात. मालकी आणि स्थान यांची ही जवळीक भाषेच्या घडणीतच आहे. राशिस्वामीच्या सिद्धान्ताने नेमका हाच मार्ग धरला आहे. 'गुरू तुळेत' ही सप्तमी, 'तूळ शुक्राची' ही षष्ठी. आणि त्यांच्या जोडणीतून 'गुरू शुक्राचा' ही नवी षष्ठी. स्थानाचे विधान अशा रीतीने अधीनतेचे विधान बनते.

ही जोडणी तर्काने अपरिहार्य नाही. दुसऱ्याच्या घरात असणारी व्यक्ती अतिथी असू शकते, भाडेकरू असू शकते, सेवक असू शकते किंवा बळजबरीने शिरलेला शत्रूही असू शकते. प्रत्येक रूपकात देण्याघेण्याची दिशा निराळी आहे. अतिथी यजमानाकडून घेतो. भाडेकरू मालकाला देतो. सेवक मालकाच्या इच्छेने वागतो, तर शत्रू मालकाची हानी करतो. गुरू तुळेत असता शुक्राचे वैभव गुरूला लाभते, की गुरूचे शुभत्व शुक्राला मिळते? प्रचलित पाठ्यपुस्तकांत सोयीप्रमाणे दोन्ही उत्तरे येतात. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' या न्यायाने दुर्बळ स्वामीच्या राशीतील ग्रहही दुर्बळ ठरवला जातो. उलट बाजूने, राशीत शुभ ग्रह आहे म्हणून तिच्या दुर्बळ स्वामीस आधार मिळाला असेही सांगितले जाते. ज्या सिद्धान्तातून परस्परविरुद्ध निष्कर्ष सारख्याच सुलभतेने निघतात, त्यात अर्थ पुरवणारा घटक सिद्धान्त नसून रूपक होय.

ग्रंथांतील ग्रहमैत्रीचे प्रकरण ही अडचण अधिक स्पष्ट करते. ग्रह मित्राच्या राशीत आहे की शत्रूच्या, हा राशिस्वामी-संबंधाचा सर्वांत जुना आणि सर्वांत साधा उपयोग. बृहज्जातकात मैत्रीविषयी यवनांचे मत आणि सत्याचार्याचे मत अशी दोन मते नोंदविली आहेत. पुढे रूढ झालेल्या सत्यमतानुसार ही मैत्री परस्पर असतेच असे नाही. चंद्राला कोणीही शत्रू नाही, बुध तर त्याचा मित्र आहे. परंतु बुध मात्र चंद्राला शत्रू मानतो. आता चंद्र मिथुन राशीत असेल तर तो मित्राच्या घरी आहे की शत्रूच्या? रूढ गणनेनुसार तो मित्रक्षेत्री ठरतो, कारण येथे पाहुण्याची भावना विचारात घेतली जाते, यजमानाची नव्हे. परंतु ज्या क्षणी राशीशाचे बल ग्रहाच्या फलास कारण मानले जाते, त्या क्षणी यजमानाची वृत्ती निर्णायक व्हावयास हवी. एकाच संबंधाच्या दोन उपयोगांत दोन भिन्न कर्ते गृहीत धरलेले आहेत, आणि त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न क्वचितच दिसतो.

३. परिवर्तनाची गणना

दोन ग्रह एकमेकांच्या राशीत असल्यास त्यास परिवर्तन म्हणतात. मंत्रेश्वराच्या फलदीपिकेत भावेशांच्या परिवर्तनाचे दैन्य, खल आणि महा असे तीन वर्ग केले आहेत. षष्ठ, अष्टम वा द्वादश या स्थानांपैकी एखाद्याचा स्वामी गुंतलेला असल्यास दैन्य. त्यांचे प्रकार ३०. उरलेल्यांत तृतीयेशाशी परिवर्तन झाल्यास खल. त्यांचे प्रकार ८. शेष २८ महायोग. एकूण ६६. बारा स्थानांतून दोन-दोनांच्या जोड्या नेमक्या ६६ होतात, तेव्हा ग्रंथकाराची गणना गणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे.

परंतु ती स्थानांची गणना आहे, ग्रहांची नव्हे. मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी या पाच ग्रहांकडे प्रत्येकी दोन राशी आहेत. म्हणून कोणत्याही लग्नावर पाच जोड्या अशा येतात की, ज्यांत दोन्ही स्थानांचा स्वामी एकच असतो. तेथे अदलाबदल संभवत नाही. उरल्या ६१. पुढे खगोलाची मर्यादा येते. बुध रवीपासून सुमारे २८ अंशांपलीकडे आणि शुक्र सुमारे ४७ अंशांपलीकडे कधी दिसत नाही. रवी मिथुनेत आणि बुध सिंहेत असावयाचा तर त्यांत किमान ३० अंशांचे अंतर हवे. ते होत नाही. रवी वृषभेत आणि शुक्र सिंहेत असण्यास किमान ६० अंश हवेत. तेही होत नाही. बुध वृषभेत आणि शुक्र कन्येत, किंवा बुध तुळेत आणि शुक्र मिथुनेत, या दोन्ही स्थितींत किमान ९० अंश लागतात. बुध व शुक्र रवीच्या विरुद्ध बाजूंस कितीही दूर गेले तरी त्यांच्यातील अंतर सुमारे ७५ अंशांपलीकडे जात नाही. या चार जोड्या वजा जाता प्रत्यक्षात घडू शकणारी परिवर्तने ५७ उरतात.

या नऊ अशक्य योगांचा उल्लेख मंत्रेश्वराला कमीपणा आणण्यासाठी केलेला नाही. त्यांतून एक वाङ्मयीन निष्कर्ष निघतो. योगांची ही यादी निरीक्षणांच्या नोंदीतून तयार झालेली नाही. शेकडो कुंडल्या पाहून ज्याने वर्गवारी केली असती, त्याला हे नऊ प्रकार कधीच भेटले नसते. ही यादी संचयरचनेतून, म्हणजे पदांच्या सर्व संभाव्य जोड्या मांडण्याच्या शास्त्रीय पद्धतीतून, निर्माण झाली आहे. व्याकरणकार सर्व धातूंची सर्व रूपे साधतो. त्यांपैकी काही रूपे कोणी कधी बोललेले नसते. त्याच जातीची ही रचना आहे.

४. एका श्लोकाची चार वाचने

राशिस्वामीच्या सिद्धान्तातील सर्वांत लोकप्रिय प्रमेय म्हणजे नीचभंग. फलदीपिकेतील एका श्लोकाचा आशय असा : ग्रह नीच राशीत असता त्या राशीचा नाथ आणि 'तदुच्चनाथ' हे चंद्रलग्नापासून केंद्रात असतील तर जातक राजा होतो. उदाहरणार्थ, शनी मेषेत नीच असतो. मेषेचा नाथ मंगळ. शनीची उच्च रास तूळ, तिचा नाथ शुक्र.

या लहानशा श्लोकात तीन ठिकाणी अर्थ दुभंगतो. पहिले ठिकाण 'तदुच्चनाथ' या समासातील 'तत्' हे सर्वनाम. ते ग्रहाचा परामर्श घेते असे मानले तर शनीच्या उच्च राशीचा नाथ, म्हणजे शुक्र, असा अर्थ होतो. ते राशीचा परामर्श घेते असे मानले तर त्या राशीत उच्च होणारा ग्रह असा अर्थ काही जण लावतात. मग मेषेत उच्च होणारा रवी येथे यावयास हवा. दुसरे ठिकाण दोन नाथांना जोडणारे अव्यय. ते समुच्चय सांगते की विकल्प? दोघेही केंद्रात हवेत की एक पुरे? पुढील पदे एकवचनी असल्याने विकल्पाचा पक्ष अधिक बळकट दिसतो. तरीही दोन्ही अर्थांनी श्लोक वापरला जातो. तिसरे ठिकाण 'चंद्रलग्न' हा समास. तो द्वंद्व मानल्यास चंद्रापासून किंवा लग्नापासून असा अर्थ निघतो. कर्मधारय मानल्यास चंद्र हेच लग्न मानून, म्हणजे केवळ चंद्रापासून.

पहिला प्रश्न केवळ ग्रहांची नावे बदलतो. परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांच्या उत्तरांवर योगाची व्याप्ती अवलंबून आहे. सर्व स्थिती समसंभाव्य आणि परस्परनिरपेक्ष आहेत असे स्थूलमानाने धरले, तर गणित सोपे आहे. केंद्रे बारांपैकी चार, म्हणून एखादा ग्रह दिलेल्या बिंदूपासून केंद्रात असण्याची शक्यता एक तृतीयांश. चंद्र आणि लग्न यांची केंद्रे एक तृतीयांश वेळा एकच असतात आणि दोन तृतीयांश वेळा पूर्णतः भिन्न. यावरून पुढील फल मिळते. द्वंद्व आणि विकल्प मानल्यास नीच ग्रह असलेल्या नऊ कुंडल्यांपैकी सात कुंडल्यांत नीचभंग होतो. कर्मधारय आणि विकल्प मानल्यास नवांपैकी पाच. द्वंद्व आणि समुच्चय मानल्यास नवांपैकी तीन. कर्मधारय आणि समुच्चय मानल्यास नवांपैकी एक.

राजपद हे नऊ जणांतून सातांना मिळावयाचे की एकाला, हा भेद एका अव्ययावर आणि एका समासाच्या विग्रहावर ठरतो आहे. ज्या वाचनाकडे श्लोकाची एकवचनी रचना अधिक झुकते, त्यानुसार हा योग इतका सुलभ होतो की, त्याचा अभाव हाच विशेष म्हणावा लागेल. आणि ज्या वाचनाने योग खरोखर दुर्मिळ होतो, ते वाचन व्याकरणदृष्ट्या दुर्बळ आहे. व्यवहारात मात्र जातकाच्या ज्ञात आयुष्याशी जे जुळेल ते वाचन निवडले जाते. अशा प्रसंगी श्लोक प्रमाण राहत नाही. तो केवळ साक्षीला उभा केला जातो.

५. राहूविषयक वचनाचा विपर्यास

राहू आणि केतू यांना स्वतःची रास नाही, म्हणून ते आपल्या राशीशाचे फळ देतात, हे वाक्य आज सर्वत्र ऐकू येते आणि त्यास लघुपाराशरीचा, म्हणजे उडुदायप्रदीपाचा, आधार दिला जातो. तेथील वचनाचा आशय प्रत्यक्षात असा आहे की, हे दोन तमोग्रह ज्या ज्या भावात असतील आणि ज्या ज्या भावेशाशी संयुक्त असतील, त्या त्या भावाची फळे प्रबळपणे देतात.

येथे राशीशाचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो भावाचा आणि संयुक्त झालेल्या भावेशाचा. राहू पंचमात एकटा असेल तर या वचनानुसार तो पंचमाचे फळ देईल. पंचमाचा स्वामी अन्यत्र कोठे कसा बसला आहे, याविषयी हे वचन मौन पाळते. 'भावेश' हे पद 'त्या घराचा मालक' असे मराठीत उतरले, 'घर' म्हणजे रास हा जुना अर्थ जागा झाला, आणि 'संयुक्त' हे विशेषण वाटेत गळून पडले. प्रचलित नियम कदाचित अन्य परंपरेतून आलेला असेल. परंतु या वचनाच्या नावावर तो खपवणे हा वाचनदोष होय. पहिल्या भागात सांगितलेल्या अर्थांतराचा परिणाम येथे उघड दिसतो.

६. स्वामीचा स्वामी

संबंध एकदा मान्य केला की त्याची पुनरुक्ती करता येते. ग्रहाचा राशीश, त्या राशीशाचा राशीश, अशी साखळी लांबविता येते. बंगलोर वेंकट रामन यांनी तीनशे योगांच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात दिलेल्या पारिजात योगात लग्नेशाच्या राशीशाचा राशीश विचारात घेतला आहे. मराठीत हे सांगावयाचे तर 'लग्नेश ज्या राशीत आहे त्या राशीचा स्वामी ज्या राशीत आहे त्या राशीचा स्वामी' अशी वाक्याची ओढाताण होते. संस्कृतात तेच एका षष्ठीतत्पुरुषात सामावते. समासाची ही क्षमता नसती तर असे योग रचले गेले असते काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. भाषेला जे सहज म्हणता येते, ते शास्त्राला सहज सुचते.

आधुनिक ज्योतिषाने ही साखळी शेवटपर्यंत नेली आणि 'अंतिम स्वामी' अशी कल्पना रूढ केली. सर्व ग्रहांच्या साखळ्या ज्या एका स्वगृही ग्रहापाशी थांबतात, तो कुंडलीचा सार्वभौम, असे प्रतिपादन केले जाते. या साखळीला कोठे तरी अंत किंवा आवर्तन असते याचे अनेकांना नवल वाटते. त्यात नवल नाही. ग्रह सात आहेत आणि प्रत्येकास एकच राशीश आहे. कोठूनही आरंभ केला तरी फार तर सात पावलांनंतर आधी आलेला ग्रह पुन्हा येणारच. तो स्वतःकडेच परतला तर स्वगृही, दोघांत फिरत राहिला तर परिवर्तन, तिघांत किंवा अधिकांत फिरला तर दीर्घ आवर्तन. ही केवळ मांडणीची अटळ परिणती होय.

एक परिचित उदाहरण घेता येईल. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीची दिल्लीची कुंडली चित्रापक्षीय अयनांशानुसार वृषभ लग्नाची आहे. रवी, चंद्र, बुध, शुक्र आणि शनी हे पाच ग्रह कर्केत, मंगळ मिथुनेत, गुरू तुळेत. कर्केचा स्वामी चंद्र स्वतः कर्केत. मंगळ बुधाकडे जातो आणि बुध चंद्राकडे. गुरू शुक्राकडे आणि शुक्र चंद्राकडे. सातही साखळ्या चंद्रापाशी संपतात. अंतिम स्वामीचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण, आणि यावरून राष्ट्राच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगता येईल असा मोह होतो.

तो आवरण्यास तीन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली अशी की, हीच साखळी चोवीस तास आधी काढली तर चंद्र मिथुनेत सापडतो आणि सार्वभौमत्वाच्या जागी चंद्र-बुधांचे परिवर्तन येते. त्याच वेळी लग्न मात्र दिवसातून बारा वेळा बदलत असूनही या साखळीस स्पर्श करीत नाही. चंद्र कर्केत होता त्या सुमारे दोन-सव्वादोन दिवसांत पृथ्वीवर जन्मलेल्या प्रत्येक जीवाचा अंतिम स्वामी चंद्रच होता. व्यक्तीचे वैशिष्ट्य सांगण्यास हे साधन किती स्थूल आहे, हे यावरून दिसते. दुसरी गोष्ट अशी की, अमावास्या जवळ आल्यामुळे तो चंद्र क्षीण होता. पक्षबल मानणाऱ्या जातकशास्त्राच्या दृष्टीने तो दुर्बळ, आणि साखळीच्या दृष्टीने सर्वाधीश. या दोन निकषांपैकी कोणता वरचढ, याचे उत्तर साखळीच्या कल्पनेत नाही.

तिसरी गोष्ट महाराष्ट्राच्या विशेष परिचयाची आहे. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा, हा वाद येथे लोकमान्य टिळक आणि व्यंकटेश बापूजी केतकर यांच्या काळापासून गाजला. टिळक पंचांगाने रेवतीपक्ष स्वीकारला, केतकरांनी चित्रापक्षाचा पुरस्कार केला, आणि मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रापक्षाशी जुळणारा अयनांश ग्राह्य धरला. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्या मध्यरात्री चित्रापक्षानुसार रवी कर्केच्या सुमारे २८व्या अंशावर होता. रेवतीपक्षानुसार तो सिंहेत गेलेला होता. सिंह ही त्याची स्वतःची रास. म्हणजे एका पंचांगाने चंद्र एकटा सार्वभौम, तर दुसऱ्याने रवी आणि चंद्र असे दोन निरनिराळे स्वगृही ग्रह, आणि एकमेव अंतिम स्वामी कोणीच नाही. सायन गणनेनेही रवी सिंहेत आणि चंद्र कर्केत असे दोनच धनी निघतात. आकाश तेच, क्षण तोच. पंचांग बदलताच राज्यव्यवस्था बदलली.

७. मूल्यमापन

वरील विवेचनावरून राशिस्वामीची संकल्पना निरर्थक ठरते असे नव्हे. अर्थ आणि सत्य या दोन गोष्टी भिन्न आहेत. बारा राशी आणि सात ग्रह यांची वाटणी करताना रवी-चंद्रांना सिंह-कर्क देऊन त्यांच्या दोन्ही बाजूंस बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी यांना क्रमाने बसविणारी जी सममित योजना टॉलेमीपाशी आणि भारतीय ग्रंथांतही आढळते, तिचे रचनासौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. मर्यादित पदे, मोजके संबंध आणि पुनरुक्तीची मुभा यांच्या आधारे असंख्य विधाने निर्माण करणारी ही व्यवस्था आहे. तिला एका परिभाषेचे व्याकरण म्हणता येईल. व्याकरण वाक्य शुद्ध आहे की नाही हे सांगते. ते खरे आहे की नाही हे सांगत नाही. जातकपरंपरेतील मूलभूत चूक अशी की, तिने शुद्ध वाक्याला सत्य वाक्य मानले.

सत्याची परीक्षा निराळ्या मार्गाने करावी लागते आणि ती महाराष्ट्रात झालेली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी बुद्धिमान आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी शंभर कुंडल्या घेऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांचा निवाडा केला. बरोबर उत्तरांचे प्रमाण नाणेफेकीहून वरचढ ठरले नाही. त्या चाचणीत राशिस्वामीचा नियम वेगळा काढून तपासलेला नव्हता. परंतु ज्या विचारपद्धतीचा तो आधारस्तंभ मानला जातो, ती पद्धती तेथे समग्र रूपाने कसोटीला लागली होती.

या विषयाचे विद्यापीठातील स्थान कोणते, हा प्रश्न २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविले तेव्हा तीव्र झाला आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास विरोध करणारी याचिका फेटाळली. न्यायालयाने मार्ग मोकळा केला, एवढ्याने शास्त्रीय प्रश्न सुटत नाही. तसेच विषय त्याज्य ठरवून ग्रंथांकडे पाठ फिरविल्यानेही तो सुटत नाही. यवनजातकापासून फलदीपिकेपर्यंतचे वाङ्मय हा सांस्कृतिक संपर्काचा, अनुवादाचा आणि परिभाषानिर्मितीचा अत्यंत मूल्यवान पुरावा आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात जातकस्कंधासही इतिहासाच्या कक्षेत आणले. तो मार्ग पुढे भाषाशास्त्राच्या दिशेने चालण्यासारखा आहे.

त्या मार्गावर पहिले काम पाठांचे आहे. नीचभंगाच्या श्लोकातील अव्यय आणि समास टीकाकारांनी कसे सोडविले, राहूविषयक वचनातील 'संयुक्त' पद कोणत्या काळापासून दुर्लक्षित होऊ लागले, मराठी पोथ्यांत 'घर' शब्द राशीवरून भावावर केव्हा सरकला, हे प्रश्न हस्तलिखिते आणि जुनी मुद्रिते समोर ठेवून सोडविता येण्याजोगे आहेत. त्यांची उत्तरे मिळाली म्हणजे भविष्य अधिक अचूक होईल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मात्र एवढे निश्चित होईल की, ज्या वचनाच्या बळावर एखाद्या घरातील विवाह मोडला जातो किंवा मुलाच्या शिक्षणाची दिशा ठरविली जाते, ते वचन खरोखर काय म्हणते. ते कळणे हा त्या घराचा हक्क आहे, आणि ते सांगणे हे विद्यापीठाचे काम आहे.